श्वास रोखता येत नाही तिथे

तुम्हाला ४ जून १९२४ चा दिवस बघायचाय. एव्हरेस्टची उत्तर बाजू, सुमारे २८,००० फूट, भर दुपार. तिथे हॉवर्ड सॉमरवेल नावाचा एक सर्जन छोट्या कॅमेऱ्यातून, पुढे निघालेल्या आपल्या सोबत्याचा फोटो काढणार आहे. पृथ्वीवर पाय टेकून इतक्या उंचीवरून तोवर कुणी फोटो काढलेला नाही. त्या फोटोत खडकाच्या उतारावर एक लहानशी मनुष्याकृती दिसते. काढणारा अर्थातच दिसत नाही. मला तुम्हाला त्याच्या शेजारी नेऊन उभं करायचंय.

पण मुंबईहून उचलून थेट तिथे ठेवणार नाही. ठेवलं तर तुम्हाला काहीच बघता येणार नाही. समुद्रकाठच्या हवेवर पोसलेलं शरीर त्या उंचीवर जेमतेम दोन-तीन मिनिटं शुद्धीवर राहतं. हवेत ऑक्सिजन तिथेही शंभरात एकवीसच असतो, पण हवेला दाबून ठेवणारं वरचं ओझं हलकं झालेलं असतं. छाती तेवढीच फुगते आणि श्वासातून हाती येतो तो नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा ऑक्सिजन. लेहला विमानातून उतरलात की हॉटेलवाला आधी काय सांगतो? दोन दिवस काही करू नका, पडून राहा. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. आपल्याला त्याच्या दुपटीहूनही वर जायचंय.

तेव्हा चाला. मार्चच्या अखेरीस दार्जिलिंगहून निघा, चुंबीच्या खोऱ्यातून तिबेटच्या पठारावर चढा. खांद्यावरच्या पिशवीत सॉमरवेलकडे आहे तसाच घडीचा व्हेस्ट पॉकेट कोडॅक ठेवा. एक तळहाताएवढा डबा, समोरून ओढला की भाता उघडतो, एका रोलवर आठ फोटो. तुमचा डिजिटल कॅमेरा इथेच राहू द्या.

पठारावर वारा सकाळी दहाच्या सुमारास सुटतो आणि अंधार पडेपर्यंत थांबत नाही. ओठ फुटतात. वारंवार लघवीला जावं लागतं, कारण शरीर पाणी बाहेर टाकून रक्त दाट करतंय. तांबड्या पेशी वाढायला काही आठवडे लागतात. तोवर एवढ्याच रक्तात ऑक्सिजन जास्त मावावा म्हणून केलेली ही तातडीची सोय. रात्री तंबूत शेजारच्या माणसाचा श्वास ऐका. मोठा, मोठा, आणखी मोठा होत जातो, मग लहान होत होत पार थांबतो. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. तुम्ही कोपरावर उठून त्याच्याकडे बघता, तेवढ्यात तो दचकून हवा ओढतो. त्याला काही झालेलं नाही. थोड्या वेळाने तुमचाही श्वास तसाच थांबणार आहे आणि बुडाल्याच्या स्वप्नातून तुम्हाला जाग येणार आहे.

वाटेत कांपा झोंगला क्षणभर थांबा. इथे अलेक्झांडर केलास यांची कबर आहे. विरळ हवेचा माणसावर काय परिणाम होतो याचा त्या काळात सर्वांत बारकाईने अभ्यास केलेला हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत इथे पोहोचता पोहोचताच गेला. कबरीसमोर कॅमेरा काढावासा वाटत नाही. नका काढू.

एप्रिल संपता संपता तुम्ही रोंगबुकच्या हिमनदीपाशी येता. इथे जॉन नोएल भेटतो. यंदाच्या मोहिमेचा अधिकृत छायाचित्रकार, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीत उंचीशी सर्वांत जास्त डोकं लढवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, त्याने तळावरच काळोखा तंबू उभारून फिल्म धुतली होती. हिमनदीचं पाणी कोमट करायला आणि फिल्म वाळवायला इंधन एकच, याकच्या शेणाच्या गोवऱ्या. ओल्या फिल्मवर तिबेटची धूळ बसायची ती वेगळीच. यंदा त्याने शहाणपणा केलाय. उघडलेली फिल्म घेऊन माणसं थेट दार्जिलिंगला जातात आणि धुणं तिथल्या प्रयोगशाळेत होतं.

त्याच्या सिने-कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला हात लावा. जिथे चेहरा टेकतो तिथे रबर आहे. का, ते वर गेल्यावर कळेल: उणे वीसच्या थंडीत गालाची ओलसर कातडी धातूला टेकली की चिकटते, आणि ओढून काढली तर कातडी कॅमेऱ्यावर राहते. यंत्रात तेल असं जवळजवळ नाहीच, कारण तेल गोठलं की कॅमेरा जाम होतो. हवा इतकी कोरडी की फिल्म जोरात सरकली तर घर्षणाने ठिणगी पडते आणि धुतल्यावर चित्रावर विजेच्या फांद्या उमटलेल्या दिसतात. २२,००० फुटांवरच्या एका सुळक्यावर नोएल लांब पल्ल्याचं भिंग लावून दिवसचे दिवस बसणार आहे. तिथून शिखराचा वरचा उतार दोन-तीन मैलांवर. इतक्या दूरवरचं चित्र हलू नये म्हणून कॅमेरा दगडासारखा स्थिर लागतो, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस तर धापा टाकतोय. नोएलने तिपाई आणली आहे. तुमच्याकडे तिपाई नाही, हे ध्यानात ठेवा.

नॉर्थ कोल ही खिंड, २३,००० फूट. आता भूक गेली आहे. समोर आलेला डबा उघडायचाही कंटाळा येतो आणि आपण कंटाळलोय हेही लक्षात येत नाही. मेंदूचं असंच होतं. आधी ताल जातो, मग आपला ताल गेलाय हे कळण्याची शक्ती जाते. इथे तुम्ही फोटो काढलात तर नंतर कळेल की भाताच पुरता ओढलेला नव्हता, किंवा एकाच फिल्मवर दोनदा काढलात. नंतर म्हणजे दार्जिलिंगला, महिन्याभराने.

सॉमरवेल इथे सतत खोकतोय. गेल्या महिन्यात या कोलवर अडकलेल्या चार पोर्टरना सोडवायला तो आणि त्याचे मोहिमेतले सोबती नॉर्टन व मॅलरी चढून आले होते. तेव्हापासून त्याचा घसा धड नाही. विरळ हवेत माणूस तोंडाने श्वास घेतो, कारण नाक पुरत नाही. नाक हवा गरम आणि ओलसर करून आत सोडतं, तोंड ते करत नाही. दिवसरात्र हजारो वेळा ती सुकी, गोठलेली हवा घशाच्या आतल्या नाजूक आवरणावरून जाते. तुमचाही आवाज आता बसलाय. फुसफुसून बोलावं लागतं. ते राहू द्या, तुम्ही बघायला आलाय.

३ जूनच्या दुपारी नॉर्बू यिशे, ल्हाक्पा छेदी आणि सेमचुंबी या तिघा पोर्टरनी २६,८०० फुटांवर एक छोटासा तंबू आणून पोहोचवला आणि ते खाली वळले. माणसाने इतक्या उंचीवर यापूर्वी कधी तंबू ठोकलेला नाही. तिघांची नावं मुद्दाम लिहितोय. उद्याचा फोटो त्यांच्या पाठीवरूनही वर आलाय.

रात्र जाते. पहाटे कळतं की थर्मासचं बूच निघून आतलं सगळं पाणी सांडलंय. पुन्हा बर्फ आणून वितळवायचा. स्टोव्हपाशी वाकलं तरी धाप लागते. इथे पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून त्याचा चहाही कोमटच. तासभर त्यात जातो आणि पावणेसातच्या सुमारास नॉर्टन आणि सॉमरवेल बाहेर पडतात. ऑक्सिजनच्या नळकांड्या नाहीत. अंगावर लोकरीचे थर, वर वाराबंद गॅबर्डिन, पायांना काश्मिरी पट्ट्या. हवा स्वच्छ, वारा जवळजवळ नाही, थंडी मात्र हाडात शिरणारी. तुम्ही दोघांच्या मागे.

बसल्या बसल्या नॉर्टन उन्हातसुद्धा इतका कुडकुडतो की त्याला वाटतं आपल्याला हिवताप आलाय. तो स्वतःची नाडी बघतो: ६४. त्याची नेहमीची त्याहून वीसने कमी. हिवताप नाही, फक्त उंची. शरीराची भट्टी पेटायलाही ऑक्सिजनच लागतो.

पिवळसर खडकांचा पट्टा लागतो. कोकणातल्या घराच्या छपरावर चढलात कधी? कौलं जशी बाहेरच्या बाजूला उतरती, एकावर एक, तसे हे खडक आहेत. पकडायला कंगोरा नाही, वर बर्फाची भुकटी पसरलेली, आणि छपराखाली अंगण असतं तिथे इथे दहा हजार फुटांचा उतार. १९२२ मध्ये हेच दोघं मॅलरीबरोबर ८,२२५ मीटरपर्यंत आले होते. एका कळसूबाईवर दुसरी अशा पाच कळसूबाई रचल्या तर माथा जवळपास तिथेच येईल. आज ते त्याच्याही वर आहेत.

आता मोजा. खाली एका पावलाला तीन-चार श्वास पुरत होते. साडेसत्तावीस हजारांच्या वर एकदम पालट होतो. एका पावलाला सात, आठ, कधी दहा श्वास. पाऊल टाका. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आता दुसरं. वीस-तीस यार्डांवर थांबून मिनिट-दोन मिनिटं गुडघ्यावर कोपर टेकून नुसतं हापायचं. नॉर्टनने मनाशी ठरवलंय की सलग वीस पावलं टाकायची. तेरापलीकडे त्याला जमत नाही. त्याला एकाचे दोन दिसू लागलेत. पाय कुठे ठेवायचा हे नीट दिसावं म्हणून त्याने गॉगल काढून ठेवलाय, खडकावर बर्फ कमी आहे म्हणून चालेल असं वाटून. तुम्ही काढू नका. उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी, आणि त्यांची खोड अशी की भाजताना काही जाणवत नाही. वेदना काही तासांनी येते.

दुपारच्या सुमारास सॉमरवेल थांबतो. घसा जवळजवळ बंद झालाय. तो नॉर्टनला सांगतो, तू जा, माझ्यासाठी थांबू नकोस. नॉर्टन एकटा पुढे, त्या कौलांवरून आडवा निघतो.

सॉमरवेल कॅमेरा काढतो.

इथे तुम्हीही तुमचा काढा. कारण हा क्षण नुसता बघून कळणार नाही, हातानेच कळेल.

आधी हातमोजा. जाड लोकरी मोज्याने खटका दाबता येत नाही. मोजा काढलात. थंडीत शरीर रक्त बोटांतून मागे घेतं आणि काळीज-मेंदूकडे वळवतं. त्यात रक्तच दाट झालेलं. अर्ध्या मिनिटात बोटांची टोकं दुखतात, मग दुखायची थांबतात. दुखणं थांबलं की घाई करा. चौकट पुढे ओढा, भाता ताणला गेला का बघा. बघितलंत? पुन्हा बघा, कारण मघाशीच बघितल्यासारखं वाटतं आणि बघितलेलं नसतं. आता कॅमेरा छातीशी धरून वरच्या नखाएवढ्या आरशात डोकवा. त्यात चित्र उलटं दिसतं, डावं उजवीकडे. नॉर्टन उजवीकडे जातोय, आरशात तो डावीकडे सरकतो. खाली असताना तुमचा मेंदू हे गणित आपोआप सोडवायचा. इथे तो थबकतो. कॅमेरा कुठल्या बाजूला वळवायचा? तुम्ही उलट्या बाजूला वळवता, नॉर्टन चौकटीतून बाहेर. वाकून बघता तर उच्छ्वास आरशावर पडतो आणि तिथल्या तिथे गोठतो. अंगठ्याने पुसा. अंगठ्याला काही लागल्यासारखं वाटत नाही.

पुन्हा नॉर्टन सापडला. आता दाबायचं.

फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला एक सवय असते, ती कुणी शिकवावी लागत नाही. खटका दाबताना आपण श्वास रोखतो. एक पंचविसांश सेकंद उघडणारं झाकण, तेवढा वेळ हात स्थिर राहावा म्हणून छाती थांबवतो. तुम्हीही रोखता. एक सेकंद. दोन. आणि मग छातीतून काहीतरी फुटून वर येतं, दृष्टीच्या कडा काळ्या होतात, खडक पायाखालून सरकल्यासारखा वाटतो, आणि तुम्ही उघड्या तोंडाने हवा ओढत राहता, वीस, तीस, चाळीस वेळा, आणि तरी पुरत नाही. दोन सेकंदांची उसनवारी फेडायला मिनिटभर लागतं. फोटो हलला. या उंचीवर श्वास रोखता येत नाही. दोन धापांच्या मधे, छाती रिकामी होऊन पुन्हा भरायच्या आधी, एक निमिषभर ती आपोआप स्तब्ध असते. त्यातच दाबावं लागतं.

सॉमरवेलकडे बघा. त्याने बहुधा हे स्वतःशी शब्दांत मांडलंही नसेल. चित्रकार आहे तो, रंगपेटी घेऊन तिबेटमधून चालत आलेला. सर्जन आहे, आठ वर्षांपूर्वी सॉमच्या लढाईत जखमींवर शस्त्रक्रिया केलेला. दमलेल्या शरीराकडून हात स्थिर ठेवून घेणं हे त्याचं रोजचं काम. खोकल्याच्या दोन उबळींच्या मधे तो खटका दाबतो. तो आवाज तुम्हाला ऐकूही येत नाही.

फोटोत नॉर्टन आला. खडकही आले. आकाश मात्र आपल्याला दिसतंय तसं येणार नाही. तुमच्या डोक्यावर ते जांभळ्या शाईसारखं गर्द आहे, पण त्या काळची फिल्म निळ्या आणि अतिनील प्रकाशाला फार हळवी असते, म्हणून ते फिकटच उमटेल. ज्या किरणांनी नॉर्टनचे डोळे जळताहेत, ते फिल्मवरही पडले आहेत.

एका तासात नॉर्टन आणखी शंभरएक फूट चढतो. २८,१२६ फुटांवर, एकच्या सुमारास, तो वळतो. शिखर अजून नऊशे फूट वर. परत येताना तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचा धीर एकदम सुटतो. बर्फाची भुकटी पडलेला साधासा टप्पा, मघाशी ओलांडलेला, पण आता त्याला दोरी हवी आहे. सॉमरवेल दोरी टाकतो. मग उतरता उतरता सॉमरवेलच्या हातून बर्फकुऱ्हाड निसटते. ती उड्या मारत दिसेनाशी होईपर्यंत तुम्ही तिघंही नुसतं बघत राहता. बोटांनी पकड सोडली हे बोटांनी त्याला सांगितलंच नाही.

उतरण लवकर सांगतो. सूर्य कलतो, वाटेतल्या पाचव्या तळाच्या खाली दोरी सोडली जाते, नॉर्टन पुढे निघून जातो. अंधारू लागलंय. मागे सॉमरवेलला उबळ येते आणि घशात काहीतरी अडकतं. श्वास आत जात नाही, बाहेर येत नाही. तो हाकही मारू शकत नाही. बर्फात बसतो. पुढे नॉर्टनला वाटतं की सॉमरवेल मावळतीच्या रंगांचं रेखाटन करायला थांबला असेल. चित्रकाराचं मागे रेंगाळणं त्याला सवयीचं आहे. तुम्ही दोघांच्या मधे उभे आहात. सॉमरवेल दोन्ही हातांनी आपल्या छातीवर जीव खाऊन दाबतो, एकदा, पुन्हा, आणि घशातलं ते बाहेर पडतं. घशाचं आतलं आवरण, थंडीने मेलेलं आणि सुटून आलेलं. रक्त. मग कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मोकळा श्वास. या माणसाला याच श्वासावर पुढे त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या मिशन इस्पितळात वर्षानुवर्षं गोरगरिबांवर शस्त्रक्रिया करायच्या आहेत.

रात्री साडेनऊच्या सुमारास नॉर्थ कोलवरून दिवे घेऊन मॅलरी आणि आणखी एक सोबती ओडेल सामोरे येतात. ते ऑक्सिजन घेऊन आलेत, पण या दोघांना पाणी हवंय, नुसतं पाणी. त्याच रात्री नॉर्टनचे डोळे जातात. पुढचे साठ तास त्याला काही दिसणार नाही. त्याच्या तंबूवर झोपायच्या पिशव्या पसरून आत काळोख करतात, कारण उजेडाची तिरीपही सहन होत नाही.

मॅलरीला आता मोहिमेतल्याच आर्विनबरोबर आणखी एक प्रयत्न करायचाय, ऑक्सिजन घेऊन. त्याच्याकडे कॅमेरा नाही. सॉमरवेल खाली निघण्याआधी आपला कॅमेरा त्याला देतो.

तुम्ही तिथेच, दोन हातांवर आहात. तुम्हाला ठाऊक आहे की ८ जूननंतर मॅलरी आणि आर्विनला कुणी जिवंत पाहणार नाही. नोएलच्या लांब भिंगासमोर कोलवर, ते गेल्याची खूण म्हणून, सहा ब्लँकेट्सचा क्रूस मांडला जाईल. मॅलरीचा देह १९९९ च्या मे महिन्यात ८,१५५ मीटरवर सापडेल, खिशात पत्रं आणि गॉगल असतील, कॅमेरा नसेल. आर्विनचा बूट, आत पायासकट, आणखी २५ वर्षांनी खाली हिमनदीवर मिळेल. तो कॅमेरा अजून कुठेतरी त्या कौलांवर पडलेला असेल आणि थंडीने आतली फिल्म कदाचित राखलीही असेल.

लोकरी मोज्यातला हात पुढे होतो. मॅलरी कॅमेरा घेऊन खिशात टाकतो. तुम्ही तोंड उघडता. दोन महिन्यांच्या कोरड्या हवेने खरवडलेल्या घशातून नुसता वारा बाहेर येतो, आणि मॅलरीने तोवर पाठ वळवलेली असते.